तार टाकायला पैसे आहेत, ती चालू ठेवायला नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगमेश्वर तालुक्यात मी केबलचा व्यवसाय करतो. छपरावरच्या डिशवरून शेजारच्या घरांना टीव्ही दाखवण्यापासून सुरुवात झाली. २०१७ च्या सुमारास खेड्यापाड्यांत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. पुढे लोक टीव्ही सोडून मोबाइलवर वळले, तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ केबलवाल्यांनी त्याच खांबांवरून फायबर ओढलं आणि इंटरनेट द्यायला लागले. आता माझी बरीचशी कमाई इंटरनेटचीच आहे. बँडविड्थ एका मोठ्या कंपनीची, बिल तिच्या नावानं निघतं, घरापर्यंतची तार माझी. नेट बंद पडलं की फोन मला येतो.

खेडोपाडी फायबर नेण्यासाठी किती हजार कोटी मंजूर झाले, किती ग्रामपंचायती जोडल्या, याच्या बातम्या आपल्या पानांवर येतात आणि त्या मी नेमानं वाचतो. पैसा येतोय ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो कशावर खर्च होतो आणि कशावर होत नाही, हे बातमीत येत नाही. खांबावर चढणाऱ्याच्या बाजूनं तो हिशेब मांडावा म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे, पण आकड्यांवाचून हा विषय पोचत नाही.

आमच्याकडे गाव म्हणजे एका जागची वस्ती नसते. एका गावाच्या सात-आठ वाड्या, दोन वाड्यांमध्ये डोंगराचा सोंडा नाहीतर पऱ्या (ओढा), आणि घरं उतारावर विखुरलेली. फायबरचा खर्च डोक्यावर बसत नाही, मीटरवर बसतो. देवरुखच्या बाजारपेठेत दोन किलोमीटर तार ओढली तर वाटेत दुकानं, दवाखाने, पतसंस्था, भाड्याची बिऱ्हाडं अशी शे-सव्वाशे गिऱ्हाइकं मिळतात. तीच दोन किलोमीटर तार एखाद्या वाडीकडे नेली तर आधी काजूची बाग लागते, मग पऱ्या, मग सडा म्हणजे कातळाचा माळ, आणि सड्याच्या पलीकडे चौदा घरं. त्यातली पाच कायमची बंद, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. उरलेल्या नऊ घरांपैकी सहा जण जोडणी घेतात.

या वाडीचा हिशेब असा. तार, तिला आधार देणारी वायर, क्लॅम्प, मधले लोखंडी खांब आणि मजुरी धरून मीटरला ३५ रुपये पडतात. दोन किलोमीटरचे ७०,००० झाले. प्रत्येक घरात बसवायचं उपकरण आणि घरापर्यंतची बारीक तार मिळून २,५०० रुपये, सहा घरांचे १५,०००. म्हणजे घालायचे ८५,०००. आता येणे. ४९९ रुपयांच्या प्लॅनमधले साधारण अडीचशे माझ्या वाट्याला येतात, सहा घरांचे महिन्याला १,५००. त्यातून खांबांचं भाडं, उपकरणांचं वीजबिल, पेट्रोल आणि लाइनमनच्या पगारातला या वाडीचा वाटा काढला की सहाशेच्या आसपास उरतात. ८५,००० भागिले ६००, म्हणजे पैसे फिटायला जवळजवळ बारा वर्षं. झाडांतून गेलेली तार आमच्याकडे फार तर पाच-सहा पावसाळे टिकते. याउलट बाजारपेठेतली तार, तिथल्या सगळ्या घरांची उपकरणं धरूनही, दीड-दोन वर्षांत मोकळी होते.

पूर्वी यातून वाट निघायची, कारण बाजारपेठ आणि वाडी दोन्ही एकाच वहीत असायच्या. पेठेत जे सुटायचं त्यातून वाड्या सांभाळल्या जायच्या. मग मोठ्या कंपन्या पेठेत उतरल्या. दर पाडले, पहिले महिने फुकट दिले. गिऱ्हाइकांचा फायदा झाला, आणि कंपन्यांनी बेकायदा काही केलं असं मी म्हणत नाही. पण सड्यापलीकडे त्यांच्यातली एकही गेली नाही, जाणारही नाही, कारण बारा वर्षांचं गणित त्यांनाही येतं. पेठेतली मिळकत घटली आणि वाडीचा खर्च होता तिथेच राहिला. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या दोघा केबलवाल्यांनी लांबच्या वाड्या सोडून दिल्या. मी त्यांना दोष देत नाही.

एसटीनं ‘गाव तिथे एसटी’ म्हटलं तेव्हा वस्तीच्या गाडीनं स्वतःचं डिझेल स्वतः कमवावं अशी अट नव्हती. चालणाऱ्या मार्गांच्या उत्पन्नावर न चालणारे मार्ग चालत होते आणि त्याच गाड्यांतून आमच्या पिढीची पोरं हायस्कूलला गेली. टेलिफोनच्या बाबतीत हे तत्त्व कायद्यातच आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम एका निधीत जाते. त्याचं जुनं नाव युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर झालेलं नाव डिजिटल भारत निधी. हे पैसे शेवटी रिचार्जमधूनच येतात. मुंबईत बसलेला चाकरमानी भरतो आणि वाडीत मिस्ड कॉलपुरतं रिचार्ज मारणारी त्याची आईही भरते. परवडत नाही अशा ठिकाणी सेवा पोचावी, यासाठीच हा निधी आहे.

याच निधीतून भारतनेट उभं राहिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली, तेव्हा अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या आणि खर्चाचा अंदाज २०,००० कोटींचा होता. २०१५ मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला आणि तोवर दोन्ही टप्प्यांचा मंजूर खर्च ४२,०६८ कोटींवर गेला होता. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं ‘महानेट’ या नावानं काम स्वतःकडे घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. आता जोडलेल्या ग्रामपंचायतींचा आकडा २ लाख १४ हजारांच्या पुढे आहे.

एवढं काम झालं, ते मी कमी लेखत नाही. या डोंगरांतून, जांभ्यातून चर खणणं काय असतं ते मला माहीत आहे. पण माझ्या भागातल्या एका ग्रामपंचायतीत मी या फायबरच्या यंत्राचं कपाट उघडलेलं पाहिलं. आत उपकरण होतं, फायबर येऊन जोडलेला होता, बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. वीज गेली की सगळं बंद, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसदिवस नसते. ग्रामसेवक सज्जन माणूस. त्याच्याकडे तीन गावं. तो म्हणाला, “दादा, वीजबिल कुठल्या खात्यातून टाकायचं हेच मला कुणी लेखी दिलेलं नाही. बॅटरी मागितली तर कुणाकडे मागू?” तार टाकणाऱ्याचं बिल निघालं होतं. ती जिवंत ठेवायचं काम कुणाच्याच पगारात बसत नव्हतं.

वाचकांपैकी पुष्कळांना वाटतं की तार एकदा टाकली की झालं. म्हणून हे काम जवळून सांगतो. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिच्यातून लेसरचा प्रकाश जातो आणि एकाच काचेवर स्प्लिटर लावून तो बत्तीस घरांना वाटता येतो. ही फार मोठी सोय आहे, त्यामुळेच फायबर स्वस्त झाला. पण वाटणीला किंमत असते. बत्तीस घरांत वाटताना प्रकाश पाच वेळा अर्धा होतो आणि सतरा-एक डेसिबल (प्रकाशाची घट मोजायचं माप) तिथेच जातात. आमच्या यंत्रणेला एकूण मुभा अठ्ठावीस डेसिबलची. उरलेल्या अकरात सगळं अंतर, सगळे जॉइंट आणि सगळे कनेक्टर बसवायचे. विखुरलेल्या वाड्यांत तर एका ठिकाणी बत्तीस घरं नसतातच. तिथं कपलर लावून वाटेवरच्या प्रत्येक वाडीला थोडा थोडा प्रकाश काढून द्यावा लागतो आणि शेवटच्या वाडीला काठावरचा उरतो. काठावरच्या लाइनवर एक वाकडा जॉइंट पुरतो. घरातल्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि फोन येतो.

लाल दिवा लागायची कारणं कोकणात बारमाही आहेत. वानरं तारेवर झोके घेतात, एकामागून एक आठ-दहा. खारी वरचं आवरण कुरतडतात. मार्चमध्ये वणवा लागला की सड्यावरची तार वितळून जाते. कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडताना कोयता तारेला लागतो. जूनमध्ये आकेशियाची झाडं आडवी होतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर माझ्याकडच्या कित्येक वाड्यांची तार नव्यानं ओढावी लागली. आंब्याच्या बागांचे, घरांच्या कौलांचे पंचनामे झाले, ते व्हायलाच हवे होते. तारेसाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर लावतो. ते यंत्र तारेत प्रकाश सोडतं आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून सांगतं की तुटलं आहे ते १,३४० मीटरवर. मग चिखलातून तिथं पोचायचं. वरचं आवरण सोलायचं, आतली काच स्पिरिटनं पुसायची, क्लीव्हरनं टोक सरळ कापायचं. निळ्याला निळी, नारिंगीला नारिंगी, हिरव्याला हिरवी लावून एकेक जोडी स्प्लायसिंग मशीनमध्ये धरायची. पडद्यावर दोन्ही टोकं समोरासमोर दिसतात, ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. जोडातला लॉस ०.०२ डेसिबल आला तर जमलं, ०.२ आला तर तोडून पुन्हा. हे सगळं होईपर्यंत एक पोरगा मशीनवर छत्री धरून उभा असतो, कारण आत एक थेंब गेला तर लाखभर रुपयांचं मशीन दुरुस्तीला जातं. सहा घरांच्या वाडीसाठी दोन माणसांचा अख्खा दिवस गेला. त्या दिवसाचा पगार वाडीच्या महिन्याच्या बिलातून निघत नाही.

ऑगस्ट २०२३ च्या कार्यक्रमात काही गोष्टी निश्चित सुधारल्या. आधी तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकपदरी तार होती, मधे तुटली की पुढचं सगळं आंधळं. आता रिंग करायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं प्रवाह येईल. कंत्राटातच दहा वर्षांची देखभाल घातली आहे. घरापर्यंतच्या जोडणीसाठी ‘भारतनेट उद्यमी’ नेमायचे आहेत. पायाभूत खर्च सरकारचा, चालवणं आणि दुरुस्ती स्थानिक माणसाची आणि बिलातला निम्मा वाटा त्याचा. पुढच्या काळात खेड्यांत दीड कोटी घरांना जोडण्या देण्याचं उद्दिष्ट आहे. स्थानिक माणसाला वाटेकरी केलं हे मला मनापासून पटतं. मुंबईच्या कॉल सेंटरला पऱ्या कुठे आहे ते कळणार नाही, इथल्या पोराला कळतं.

अडचण निम्म्या वाट्यात आहे. योजनेचा सुरुवातीचा प्लॅन ३९९ रुपयांचा, ३० एमबीपीएस वेगाचा. त्याचे निम्मे म्हणजे दोनशे. पेठेच्या कडेच्या सलग गावात उद्यमीला हे चांगलं परवडेल. सहा घरांच्या वाडीत त्याला महिन्याला बाराशे रुपये मिळतील आणि पहिल्याच पावसात तो फोन उचलायचा बंद करेल. तार फुकट मिळाली तरी तिचं राखणं फुकट होत नाही. दोन्ही ठिकाणी एकच टक्केवारी ठेवली तर उद्यमी सलग गावंच घेणार आणि वाड्या पुन्हा मागे राहणार.

यावर माझी मागणी एकच आहे. सरकारनं पैसे तार टाकल्याबद्दल द्यावेत तसे ती चालू राहिल्याबद्दलही द्यावेत, आणि जिथं वस्ती विरळ आहे तिथं जास्त द्यावेत. किलोमीटरमागे दहापेक्षा कमी जोडण्या असतील अशा भागात दर चालू जोडणीमागे महिन्याला दोनशे रुपये, आणि तेही त्या महिन्यात लाइन ठरलेल्या तासांपेक्षा जास्त बंद राहिली नसेल तरच. वरच्या वाडीचा हिशेब पुन्हा करून पाहा. सहाशेच्या जागी अठराशे उरतात आणि ८५,००० रुपये चार वर्षांच्या आत फिटतात. तार जीर्ण व्हायच्या आधी ती मोकळी झालेली असते आणि नवीन तारेसाठी हातात पैसे असतात. मग त्या वाडीला कुणी सोडणार नाही.

खोट्या जोडण्या दाखवून पैसे खाल्ले जातील, अशी शंका कुणीही घेईल, आणि ती रास्त आहे. पण इथं पकडणं सोपं आहे. घरातलं उपकरण चालू आहे की बंद, प्रकाश किती येतो, किती डेटा गेला, याची नोंद वरच्या यंत्रात आपोआप होत असते. कागदावर सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. किती किलोमीटर चर खणला हे मोजायला माणूस पाठवावा लागतो. कुठली लाइन जिवंत आहे हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून पडद्यावर दिसतं.

आणि खर्च? दीड कोटी जोडण्या सगळ्याच्या सगळ्या विरळ वस्तीत आहेत असं धरलं, जे खरं नाही, तरी वर्षाला ३,६०० कोटी होतात. १,३९,५७९ कोटींचा कार्यक्रम दहा वर्षांत वाटला तर वर्षाला चौदा हजार कोटी येतात. त्यातला चौथा हिस्सा. प्रत्यक्षात याहून खूप कमी लागेल.

काही जण म्हणतात, आता हवेतून नेट येतं, तार कशाला? जिथं टॉवर समोर दिसतो तिथं फाइव्ह-जीवरचं घरगुती नेट चांगलं चालतं, मी स्वतः पाहिलं आहे. पण आमच्या वाड्या खोऱ्यांत आहेत, टॉवर डोंगराआड आहे आणि मधे माड, आंबे, फणस. शिवाय टॉवरलाही मागून फायबर लागतोच. तो नसेल तर टॉवरवर दांड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. उपग्रहावरच्या सेवेसाठी स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. अगदी एकट्या, जंगलातल्या घरासाठी तोच मार्ग योग्य ठरेल आणि तिथं तार न्यायचा हट्ट मी करणार नाही. पण चौदा घरांच्या वाडीला, शाळेला, उपकेंद्राला वर्षानुवर्षं स्वस्तात पुरेल असं फायबरशिवाय काही नाही. एकदा काच टाकली की वेग वाढवायला दोन टोकांची यंत्रं बदलली की झालं, काच तीच राहते. आज देशात ब्रॉडबँडचे नव्वद कोटींहून जास्त ग्राहक आहेत आणि त्यातले तारेवरचे चार-साडेचार कोटी. बाकी सगळा भार मोबाइलवर आहे. तो आमच्याकडे कसा पेलला जातो, ते लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी दिसलं. बायका आधार कार्ड आणि फोन घेऊन ओटीपी यावा म्हणून सड्यावर जाऊन उभ्या राहत होत्या. रेशन दुकानात ई-पॉस मशीन घेऊन दुकानदार अंगणात येतो, तेव्हा अंगठा लागतो.

एका वाडीत माझी शेवटची जोडणी आहे. तिथली सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. बाळंतपणासाठी आली होती, लाइन चांगली चालली म्हणून इथंच राहिली. तिच्या पगारातून घराची डागडुजी झाली, दोन बायकांना घरकाम मिळालं, वाडीतलं दूध वाडीतच विकलं जाऊ लागलं. जुलैमध्ये लाइन गेली तर तिची सासू मला फोन करते, “बाबा, पोरीची मीटिंग आहे रे, जमेल तेवढं लवकर बघ.” मी जातो. त्या एका जोडणीवर मला काही सुटत नाही, पण त्या वाडीतलं एक घर त्यामुळे उघडं राहिलं आहे. कोकणातली घरं बंद होतात म्हणून आपण वर्षानुवर्षं हळहळतो. दोन किलोमीटर तार चालू ठेवण्याचा खर्च त्या मानानं खरंच थोडा आहे.

खांबांचा प्रश्न वेगळा, पण याच्याशी जोडलेला. आमची निम्मी तार दुसऱ्यांच्या खांबांवरून जाते. भाडं किती, परवानगी किती दिवसांत, याचा ठिकाणागणिक वेगळा अनुभव येतो. राइट ऑफ वेचे, म्हणजे तार न्यायला जागा वापरण्याच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत, पण त्यांचा फायदा वकील आणि कार्यालय असलेल्या कंपन्यांनाच घेता येतो. केरळनं काय केलं ते पाहा. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या के-फोन या सरकारी इंटरनेट जाळ्यात तिथलं वीज मंडळच भागीदार आहे, त्यामुळे तार मंडळाच्या खांबांवरूनच गेली. खणण्याआधी कळवावं म्हणून केंद्रानं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामात जेसीबीनं माझी तार अनेकदा तोडली, एकदाही आधी फोन आला नाही. छोट्या चालकांच्या तारांची नोंद त्या ॲपमध्ये करून घेण्याची व्यवस्था तालुक्याला व्हायला हवी.

केरळचं नाव निघालं म्हणून आणखी एक. तिथल्या छोट्या केबलवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली, ती केरळ व्हिजन. दूरसंचार नियामक ट्रायच्या यादीत तारेवरच्या ब्रॉडबँडच्या देशातल्या पहिल्या पाच कंपन्यांत जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांच्या पंगतीत ती बसली आहे. दहा लाखांहून जास्त ग्राहक. एकट्या चालकाला बँडविड्थ महाग मिळते, हजार चालक मिळून घेतात तेव्हा स्वस्त मिळते. पेठेची मिळकत आणि वाडीचा खर्च पुन्हा एका वहीत येतो. साखर, दूध, सूत सगळ्यांच्या सहकारी संस्था महाराष्ट्रानं काढल्या. आम्ही केबलवाले मात्र तालुक्यातालुक्यात एकमेकांची गिऱ्हाइकं ओढत बसलो आहोत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या चालकांनी एकत्र बसावं असं माझं फार दिवसांचं म्हणणं आहे. सरकारनं ग्रामपंचायतीपर्यंत आणलेल्या तारेत रिकामे कोअर, म्हणजे न वापरलेल्या काचा, पडून आहेत. ते अशा संस्थेला ठरलेल्या, जाहीर दरानं भाड्यानं दिले तर आम्हाला तालुक्यापासून नवी तार ओढावी लागणार नाही आणि सरकारलाही पडून असलेल्या काचेचं भाडं मिळेल.

शेवटी, खांबावर चढणाऱ्या पोरांबद्दल. त्यांच्या अंगावर बहुतेक ठिकाणी सेफ्टी बेल्ट नसतो, विमा नसतो, आणि आमच्या तारा विजेच्या तारांच्या हातभर खाली असतात. मी माझ्या दोघांचा अपघात विमा काढला आहे, पण कित्येकांना तो परवडत नाही. भारतनेट उद्यमीच्या करारात लाइनमनचा विमा आणि सुरक्षा साहित्य सरकारी खर्चात धरावं आणि तसं केल्याशिवाय करार होऊ नये. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय आणि विरळ वस्तीच्या अनुदानाचा विषय आमच्या लोकप्रतिनिधींनी मांडावा. माझ्या वाड्यांचे हिशेब, तारेच्या लांबीसकट, त्यांना द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक केबलचालक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी